शेळीनं तोडलेलं सील

वीज मंडळाच्या भरारी पथकाची जीप आमच्या गिरणीसमोर थांबली, तेव्हा आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, अंगावर पिठाचा थर होता. त्यांना वाटलं, कुणी साहेब पत्ता विचारायला आलेत. त्यांनी हात झटकले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "या, बसा. पानी घ्या."

बसायला कुणी आलेलं नव्हतं. तिघे जण होते. एकाच्या हातात बॅटरी होती. भर दिवसा बॅटरी कशाला, असा प्रश्न मला पडला. तो थेट मीटरपाशी गेला, उजेड पाडला आणि मागं वळून मोठ्यानं म्हणाला, "साहेब, सील तुटलंय. वर दोरा बांधलाय."

त्यातल्या साहेबांनी वाकून पाहिलं. आबांकडे न बघता ते म्हणाले, "लिहा. वीजचोरी."

हा शब्द आमच्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा आला. मी दसऱ्याच्या सुट्टीत परभणीहून घरी आले होते. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, आणि आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, म्हणून आबांनी लगेच माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलेन, असं त्यांना वाटलं असावं. मी मीटरकडेच बघत राहिले. दळणाला आलेल्या दोघांना साहेबांनी पंच म्हणून सही करायला सांगितलं, तर त्यांनी न दळलेली जवारी तशीच डोक्यावर घेतली आणि ते निघून गेले. पथकातला एक जण बाहेरच्या खांबावर चढला. आबा खाली उभे राहून त्याला म्हणत होते, "हळू भाऊ, तो खांब हलतोय." खांबावरच्या माणसानं आमची वायर तोडली आणि गिरणी बंद पडली.

जाताना साहेब म्हणाले, "कार्यालयात येऊन भेटा. नाहीतर पुढचं फौजदार बघतील."

आता ते सील कसं तुटलं, ते सांगते. मी तेव्हा घरी पोचले नव्हते. मायनं नंतर जसं सांगितलं, तसं लिहिते.

खंडेनवमीला आमच्या गिरणीची पूजा होते. आदल्या दिवशी दळायचे दगडी पाटे काढून त्यांना छिन्नीनं टाकी लावतात, मोटार पुसतात, भिंती झाडतात. मग मोटारीला, पट्ट्याला, तराजूला हळदीकुंकू आणि झेंडूचा हार. माय मीटरलाही हार घालायची. मीटर भिंतीवरच्या गुळगुळीत पाटीवर बसवलेला. हार अडकवायला त्याला खिळा नाही, खुंटी नाही. फक्त खाली शिशाच्या सीलची बारीक तार होती. माय दरवर्षी हाराचा दोरा त्या तारेत ओवायची. वर्षानुवर्षं काही झालं नव्हतं. त्या वर्षी शेजारच्या तात्यांची शेळी दार उघडं बघून आत शिरली, झेंडू तिच्या तोंडाला लागला, मायनं "हाड" म्हणताच तिनं हिसका दिला आणि हारासकट तार तुटली.

मायला वाटलं, सणाच्या दिवशी असं तुटकं लोंबतं ठेवणं बरं नव्हे. तिनं पूजेतलाच लाल दोरा घेतला आणि तारेची दोन टोकं नीट गाठ मारून बांधली. वर हळदीकुंकू लावलं. तिच्या मते तिनं ते दुरुस्त केलं होतं. त्या तारेला कायद्यात काही अर्थ असतो, हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नाही.

जीप येऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी आबा आणि मी तालुक्याच्या वीज कार्यालयात गेलो. साहेबांनी एक छापील कागद पुढं सरकवला. म्हणाले, "सही करा. दंड भरला की चार दिवसांत लाइन जोडून देतो. पोलीस नाही, काही नाही. तडजोड."

आबांना सही येते, वाचता येत नाही. त्यांनी कागद माझ्याकडे दिला. "काय लिवलंय बाई?"

मी हळू आवाजात वाचलं, "मी वीजचोरी केली हे मला मान्य आहे."

आबांनी पेन टेबलावर ठेवलं. "हे सोडून बाकीचं ठेवा साहेब. त्याच्यावर करतो सही."

साहेब हसले. "बाकीचं काहीच नाही त्यात."

"मंग न्हाई करत."

"बघा बुवा. मग आम्हाला तक्रार द्यावी लागेल. तीन वर्षं आत जाता."

मी आबांची बाही धरली. खरं सांगायचं तर मला वाटत होतं, करावी सही. कुणाला कळणार आहे? पण आबा उठले होते. बाहेर आल्यावर कडुनिंबाखाली ते थांबले आणि म्हणाले, "मी आजवर आकडा टाकला न्हाई. गावात लोक टाकतेत, मला मालूम हाय. मी न्हाई टाकला. अन् मी लिवून देऊ व्हय?"

मग दिवाळी आली. गिरणी बंद. चकलीची भाजणी, बेसन, सगळं दळायला गाव शेजारच्या झरीला जाऊ लागलं. आमच्या दारावरून डोक्यावर डबे घेतलेल्या बायका जायच्या आणि दाराकडे बघायच्या नाहीत. तेच जास्त लागायचं. दिवाळीची सुट्टी संपून मी एसटीत बसले, तर मागच्या बाकावरून आमच्याच गावचा एक पोरगा मोठ्यानं म्हणाला, "काय गं, एवढी लाइट चोरून ठेवली कुठं? पेटीत का?" सगळे हसले. मी खिडकीबाहेर बघत राहिले. कापसाची शेतं मागं जात होती आणि मला ती नीट दिसत नव्हती.

पुढच्या खेपेला घरी आले तेव्हा मायनं आबांचं एक धुतलेलं धोतर आणि सदरा घडी घालून पेटीवर ठेवला होता. मी विचारलं, हे कशाला? ती म्हणाली, "कवा आले न्यायला तर मळक्या कपड्यात नगं जायाला." ती हे अगदी सहज म्हणाली. तोपर्यंत मी स्वतःला सांगत होते की असं काही होणार नाही. मायनं मात्र ते होणारच असं धरून कपडे काढून ठेवले होते.

कॉलेजात आमचे राज्यशास्त्राचे सर एकदा तासाला नव्या ग्राहक कायद्याबद्दल बोलले होते. दुकानदारानं फसवलं तर वकील न लावता तक्रार करता येते, जिल्ह्याला त्यासाठी मंच झाला आहे, असं काहीतरी. मला तेवढंच आठवत होतं. स्टाफरूमच्या दारापर्यंत जाऊन मी कितीदा तरी परत आले. शेवटी सरच बाहेर येताना दिसले आणि विचारते झाले, "काय गं, काही काम आहे का?"

मी सगळं सांगितलं. सर खाली बघून ऐकत होते. शेळीपाशी आले तेव्हा त्यांनी ओठ दाबले. हसू आवरत असावेत.

"हे बघ," ते म्हणाले, "मी काही वकील नाही. कायद्यात सेवा म्हणजे काय ते सांगितलंय, त्यात वीजपुरवठा आहे, एवढं मी वाचलंय. म्हणजे मंचाकडे जाता येईल. पण चोरीचा आरोप आहे म्हटल्यावर ते तुमची तक्रार ऐकतील का, हे मला खरंच माहीत नाही. नोटीस न देता वीज तोडली, एवढंच लिहा. शेळीचं लिहू नकोस. हसतील."

मी तसाच अर्ज लिहिला. चार वेळा खोडून पाचव्यांदा नीट उतरवला. शनिवारी घरी जाऊन आबांना वाचून दाखवला. त्यांनी डोळे मिटून सगळा ऐकला.

"अन् शेळी कुठाय?"

"सर म्हणाले, नको लिहायला."

"मंग सील कसं तुटलं म्हनून इचारतील तवा काय सांगायचं? आपोआप तुटलं?" आबा म्हणाले. "जे झालं ते लिही. हसले तर हसू दे."

मी शेळी लिहिली. लिहिताना मला लाज वाटत होती, कारण कागदावर उतरल्यावर ते धडधडीत खोटं वाटत होतं. खरं असून खोटं वाटणारी गोष्ट हातात घेऊन कचेरीत जायचं, याची भीती फार वेगळी असते. खोटं बोलणारा निदान तयारीनं जातो.

तात्यांनी शेळी आपली असल्याचं लिहून द्यावं, म्हणून आबा त्यांच्याकडे गेले. तात्या भला माणूस. पण म्हणाले, "शेळी माझीच हाय, मी कुठं न्हाई म्हनलं? पर कागदावर नगं. उद्या ते माझीबी वायर तोडतील. घरात नातू लहान हायेत." आबांनी जास्त आग्रह केला नाही. घरी येऊन म्हणाले, "त्याचं बी खरंच हाय."

पहिल्या तारखेला मी आणि आबा गेलो. मंचाची जागा एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर होती. मला सिनेमातल्यासारखं कोर्ट वाटलं होतं. इथं एक लांब टेबल, त्याच्यामागं तिघे. मधे अध्यक्ष, वयस्कर, पूर्वी न्यायाधीश होते म्हणे. एका बाजूला एक सदस्य आणि दुसऱ्या बाजूला एक सदस्य बाई, चष्म्याची काडी सारखी वर करणाऱ्या. आबांनी दाराबाहेर चपला काढल्या. शिपाई म्हणाला, "घाला घाला, देऊळ न्हाई ते." आबा तसेच अनवाणी आत गेले. मग मीही चपला काढल्या.

वीज कार्यालयाचे वकील उभे राहिले. त्यांचं बोलणं मला तेव्हा निम्मंच कळलं, नंतर वहीत लिहून काढल्यावर समजलं. ते म्हणत होते की हे प्रकरण या मंचाच्या अधिकारातच येत नाही. गिरणी हा धंदा आहे, म्हणून हे ग्राहक नव्हेत. मीटरबद्दल तक्रार असेल तर ती विद्युत निरीक्षकाकडे. आणि चोरी असेल तर ती फौजदारी कोर्टात. "तिन्ही दारं बाहेर आहेत, साहेब. हे चुकून इथं आलेत."

अध्यक्षांनी आमच्याकडे पाहिलं. "तुमचं काय म्हणणं?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी उभी राहिले. मी एवढंच म्हणाले, "सर, कायद्यात... सेवेमध्ये वीज आहे." पुढचं सगळं विसरले. अध्यक्ष म्हणाले, "बरोबर आहे. आहे. बसा." मी बसले. लेखी उत्तरासाठी वकिलांनी मुदत मागितली आणि पुढची तारीख पडली. अधिकार आहे की नाही, ते आधी ठरेल, असं अध्यक्षांनी सांगितलं.

म्हणजे आमचं ऐकायचं की नाही, हेच अजून ठरायचं होतं. जिना उतरताना आबा म्हणाले, "बाई, यांनी बी न्हाई म्हनलं तर?"

मी म्हणाले, "नाही म्हणणार नाहीत." आणि मग रात्रंदिवस तेच वाक्य मला छळत राहिलं, कारण आबांनी त्यावर विश्वास ठेवला होता.

दुसऱ्या तारखेला जिल्ह्यात बंद होता. विद्यापीठाचं नाव बदलण्यावरून त्या वर्षांत असे बंद कधीही व्हायचे. आदल्या दिवशी कळायचं आणि सकाळी एसटी बंद. आमचं कॉलेज तर महिन्यातून काही दिवस ओसच असायचं. तारखेला गेलो नाही तर तक्रार काढून टाकतात, असं कुणीतरी सांगितलं होतं. आबा पहाटेच म्हणाले, "चल." आम्ही पायी निघालो. झरी सोडल्यावर दुधाच्या एका टेंपोनं आम्हाला घेतलं. पुढं रस्त्यात टायर जळत होते. दहा-पंधरा पोरं आडवी आली. ती नावाच्या बाजूची होती की विरोधातली, हे विचारायची हिंमत माझ्यात नव्हती, आणि आपण कोण म्हणून सांगावं, हेही कळत नव्हतं. चुकीचं उत्तर दिलं तर काय होईल, ते समोर जळतच होतं.

एकानं आत डोकावून विचारलं, "कुठं निघालाव?"

आबा म्हणाले, "तारीख हाय, बाबा. लाइट तोडली गिरनीची."

तो पोरगा बाकीच्यांकडे वळला. त्याला काय वाटलं, कोण जाणे. "जाऊ द्या रे," तो ओरडला. "याचं भांडण येगळंच हाय."

परभणीला पोचलो तेव्हा मंचात एकटा शिपाई होता. त्यानं आमच्या तोंडाकडे पाहून माठातलं पाणी दिलं. वकील आले नव्हते, अध्यक्षही नव्हते. पुढची तारीख कागदावर लिहून त्यानं माझ्या हातात दिली. "इतकं भ्यायचं न्हाई," तो म्हणाला. "बंदच्या दिवशी कोनाची बी तक्रार काढत न्हाईत." हे आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या तारखेला माय आली. सदस्य बाईंनी अर्ज वाचून तसा निरोपच पाठवला होता, की हार ज्यांनी घातला त्यांना आणा. माय परभणीला पहिल्यांदा दवाखान्याशिवाय दुसऱ्या कामाला आली होती. तिनं नवं लुगडं नेसलं होतं आणि सगळ्या रस्ताभर माझा दंड घट्ट धरून ठेवला होता.

वकिलांनी त्यांचं लेखी उत्तर दिलं आणि मग मायला विचारलं, "शेळीनं सील तोडलं, असं तुमचं म्हणणं?"

"व्हय."

"त्या शेळीचं प्रतिज्ञापत्र आणलंय का?"

खोलीत बसलेले दुसरे वकील हसले. शिपाईसुद्धा हसला. माझं तोंड तापलं. मायला प्रतिज्ञापत्र म्हणजे काय ते कळलं नव्हतं, पण चेष्टा चालली आहे हे बरोबर कळलं. ती म्हणाली, "तिला बोलता आलं असतं तर आनलंच असतं की साहेब. तुमच्यासारखं तिला बी कोट घातला असता."

आता हसू दुसरीकडे फुटलं. अध्यक्षांनी टेबलावर बोट वाजवलं. सदस्य बाई पुढं वाकल्या. "मला एक सांगा बाई, मीटरला हार कशासाठी?"

"मोटार पुजली, पाटे पुजले, तराजू पुजला. मंग त्यालाच कसं सोडावं? तो फिरतो म्हनून तर चूल पेटती."

"आणि दोरा?"

"तुटकं कसं ठेवावं बाई, सनासुदीचं?"

सदस्य बाईंनी चष्मा काढून पुसला. त्यांनी मायवर विश्वास ठेवला, असं मला वाटलं. पण नक्की सांगता येत नाही.

मग अध्यक्ष बोलू लागले. सावकाश, आम्हाला कळावं अशा बेतानं. वीजपुरवठा ही कायद्यानं सेवा आहे. नवरा-बायको स्वतः राबून गिरणी चालवतात, हे पोट भरणं आहे, म्हणून ते ग्राहक. दुसरीकडे दाद मागता येते, म्हणून इथलं दार बंद होत नाही. तेव्हा सूचना न देता, म्हणणं न ऐकता पुरवठा तोडला, ही सेवेतली उणीव आहे का, एवढं बघायचा अधिकार या मंचाला आहे.

मी आबांचा हात दाबला. ऐकणार होते. आमचं ऐकणार होते.

"पण," अध्यक्ष म्हणाले, "चोरी झाली की नाही, शेळी खरी की खोटी, हे ठरवणं आमच्या कक्षेत येत नाही. त्याबद्दल आम्ही काही बोलणार नाही."

आबा उभे राहिले. त्यांना कुणी उभं राहायला सांगितलं नव्हतं.

"साहेब, मंग मी चोर हाय का न्हाई, ते कोन सांगनार?"

"ते फौजदारी न्यायालय सांगेल. पण त्यासाठी यांनी तक्रार करायला हवी. यांनी अजून केलेली नाही."

"अन् त्यांनी केलीच न्हाई तर?"

अध्यक्षांनी हातातलं पेन आडवं ठेवलं. "तर मग कुणीच नाही," ते म्हणाले.

आबा वकिलांकडे वळले. "मंग करा म्हनावं केस. माझ्यावर. व्हऊन जाऊ द्या."

वकिलांनी मान वर करून पाहिलं. मी आबांचा सदरा मागून ओढला, जोरात ओढला. "आबा, बसा. आबा, नका." ते बसेनात. माय रडायला लागली. अध्यक्ष म्हणाले, "बसा, बाबा. इथं असं मागता येत नाही." तेव्हा ते बसले. वकील कागदावर काहीतरी लिहीत होते, आणि काय लिहीत होते, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

येताना एसटीत माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. इतके दिवस त्यांनी पोलिसात दिलं नव्हतं. आता आबांनी स्वतःच्या तोंडानं केस करा म्हणून सांगितलं होतं.

निकाल काही दिवसांनी लागला. पुरवठा ताबडतोब जोडून द्यावा, असा. वायरमन आला, नवं सील लावून गेला. आबांनी त्याला चहा दिला आणि त्याच्याकडून विचारून घेतलं की हे सील कुठून कुठवर आहे, हात कुठं लावायचा नाही. वायरमन म्हणाला, "कुठंच लावू नका, म्हंजे झालं."

दळणं घेऊन लोक आले होते. तात्याही आले होते, मागं भिंतीला टेकून. आबांनी मोटार चालू केली नाही. ते मला म्हणाले, "निकाल वाच."

"इथं?"

"इथंच. सगळे हायेत तवर."

मी कागद उघडला. पहिली पानं वाचली. तक्रारदार ग्राहक आहे. पुरवठा बेकायदेशीरपणे तोडला. लोक माना डोलवत होते. मग ती ओळ आली. ती मी आधी एकटीनं वाचली होती, पाठ झाली होती. ती गाळली असती तर आबांना कळलं नसतं, कुणालाच कळलं नसतं. दोन पानं एकदम उलटायची, एवढंच. समोर सगळं गाव होतं, आणि एसटीत 'लाइट पेटीत ठेवली का' म्हणणाऱ्या त्या पोरग्याची आईही होती.

आबा बघत होते. मी वाचलं. "चोरीच्या आरोपाबाबत हा मंच कोणतेही मत व्यक्त करीत नाही."

मग कुणीतरी मागून विचारलं, "म्हंजे काय गं?"

मी म्हणाले, "म्हणजे ते अजून कुणी ठरवलं नाही. चोरी केली असं नाही म्हणाले. नाही केली, असंही नाही."

"आयकलं?" आबा लोकांना म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. "हे असं हाय. ज्याला दळायचं त्यानं दळावं."

एक-दोघी डबे उचलून निघून गेल्या. बाकीचे उभे होते. मग त्या पोरग्याच्या आईनं तिची जवारी तराजूच्या पारड्यात ओतली आणि पदरानं घाम पुसत म्हणाली, "बारीक दळा. मागल्या खेपेला लय जाड आलं हुतं." आबांनी पट्टा चढवला.

गिरणी चालू झाली की आत बाहेरचं काही ऐकू येत नाही. माणूस ओरडला तरी नाही, पोलिसांची गाडी दारात येऊन थांबली तरी नाही. आबा वाकून पिठाची धार बोटानं बघत होते. माय झाडू घेऊन कोपरा झाडत होती. मी दारात जाऊन उभी राहिले आणि पहिलं दळण उतरेपर्यंत रस्त्याच्या वळणाकडे बघत राहिले. दुसरं दळण पडलं तरी मी तिथून हलले नाही.